रस्त्याकडेच्या स्मारकाची नोंद आणि निगा : नागपूरचे गोवारी शहीद स्मारक समोर ठेवून

सीताबर्डीच्या उड्डाणपुलाचे नाव 'आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल' आहे. बोलताना मात्र सगळे 'बर्डीचा पूल' म्हणतात. झिरो माईलच्या परिसरात गोवारी शहीद स्मारक आहे आणि दरवर्षी २३ नोव्हेंबरला तिथे विदर्भभरातून माणसे येतात. उरलेले दिवस ते रस्त्याच्या कडेला धूळ खात उभे असते. शहरातल्या, गावातल्या बहुतेक स्मारकांची हीच गत.

अशा स्मारकाची नोंद कशी करायची, त्यामागची घटना कागदावर कशी पडताळायची आणि दगडाला धक्का न लावता ते स्वच्छ कसे ठेवायचे, हे इथे सांगितले आहे. क्रम महत्त्वाचा आहे : आधी वाचायचे, मग पडताळायचे, हात सगळ्यात शेवटी लावायचा. हा क्रम उलटला की नुकसान होते. विदर्भाच्या उन्हापावसाने दगडाचे फारसे बिघडत नाही. जयंती-पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी घाईत आलेला पेंटर एका दुपारी जास्त बिघडवून जातो.

घटना नीट माहीत असल्याशिवाय दगडासमोर उभे राहू नका

गोवारी हा परंपरेने गुरे राखणारा समाज, वस्ती मुख्यतः पूर्व विदर्भात. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत अठराव्या क्रमांकावर 'गोंड गोवारी' अशी नोंद आहे. हे दोन शब्द मिळून एक जमात होते की गोवारी वेगळे, या प्रश्नावर या समाजाच्या सवलती अडल्या. २४ एप्रिल १९८५ च्या शासन निर्णयानंतर दाखले मिळणे आणखी कठीण झाले. तो निर्णय रद्द करा आणि अनुसूचित जमातीच्या सवलती द्या, ही मागणी होती.

१९५३ च्या नागपूर कराराचा परिणाम म्हणून विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात होते आणि हिवाळ्यात शहर मोर्च्यांचे होऊन जाते. बुधवार, २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारींचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला. बायकामुलांसह हजारो माणसे त्यात होती. मॉरिस कॉलेज टी पॉइंटजवळ पोलिसांनी मोर्चा अडवला. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण गेले. मृतांत स्त्रिया आणि मुले जास्त होती. मुख्यमंत्री तेव्हा शरद पवार होते. आदिवासी विकास मंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. चौकशीसाठी न्यायमूर्ती दाणी यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला.

दगडावर ही गोष्ट मृत्यूपाशी थांबते, तुमच्या नोंदवहीत ती तिथे थांबू नये. १९९५ मध्ये गोवारींचा समावेश विशेष मागास प्रवर्गात झाला, दोन टक्के आरक्षणाच्या गटात. १४ ऑगस्ट २०१८ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींना अनुसूचित जमातीचे मानले. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, मात्र मधल्या काळात मिळालेले प्रवेश आणि नोकऱ्या कायम ठेवल्या. हे माहीत नसेल तर स्मारकावर येणारा माणूस अजून कशासाठी घोषणा देतो, ते कळणार नाही.

शब्दांकडेही लक्ष द्या. सरकारी कागदात 'चेंगराचेंगरी' आणि 'दुर्घटना' असते. समाजातली माणसे 'गोवारी हत्याकांड' म्हणतात. स्मारकावर 'शहीद' आहे. नोंद करणाऱ्याने यातला एक शब्द निवडून बाकीचे खोडू नयेत. कोण काय म्हणते ते त्याच्या नावासह लिहावे. सगळ्याला 'दुःखद घटना' म्हटले की भांडण टळते, पण नोंदही निरुपयोगी होते.

कधी जायचे, काय न्यायचे

नोंदीच्या कामासाठी २३ नोव्हेंबर हा दिवस चुकीचा. तो येणाऱ्यांचा दिवस आहे. हिवाळी अधिवेशनाचे आठवडेही टाळा : विधानभवनाच्या आसपास बॅरिकेड असतात, जमावबंदी असते, कॅमेरा आणि टेप घेऊन फिरणाऱ्याला हटकले जाते. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. कॅमेरा त्या बाजूला फिरवू नका आणि ड्रोनचा विचारही करू नका. ऑक्टोबरचा शेवट किंवा जानेवारी-फेब्रुवारी, रविवारची सकाळ, ही सगळ्यात सोयीची वेळ. बर्डीपर्यंत मेट्रोने जा, तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.

पिशवीत एवढे पुरते : पाच मीटरचा टेप, सहा इंची पट्टी (फोटोत मापासाठी), चांगली टॉर्च, पांढरा थर्माकोल किंवा पुठ्ठा (प्रकाश परतवायला), पेन्सिल, रेघांची वही, रंगाचा मऊ ब्रश आणि चमकदार पट्ट्यांची जॅकेट. जॅकेट हौसेसाठी नाही. फुटपाथवर वाकून दगड वाचणारा माणूस वळणाऱ्या ऑटोवाल्याला दिसत नाही. दोघांनी जावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने लिहावे आणि पाठ रस्त्याकडे असलेल्याकडे लक्ष ठेवावे.

खडू नेऊ नका. अक्षरे उठून दिसावीत म्हणून कोरीव अक्षरांत खडू किंवा पीठ चोळण्याची पद्धत जुनी आहे आणि वाईट आहे. कण खाचेत अडकतात, पाण्याने आत मुरतात आणि पुढच्या फोटोत खोटी रेघ अक्षरासारखी दिसते. कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा घेणेही टाळा. खवल्या सुटत असलेल्या वालुकाश्मावर एका ठशात अक्षराची कड जाते.

प्रकाश आडवा पाहिजे

झिजलेली कोरीव अक्षरे समोरच्या प्रकाशात दिसत नाहीत. प्रकाश दगडाला घासून गेला पाहिजे, म्हणजे प्रत्येक खाचेत सावली पडते. नागपूर साधारण २१ अंश ९ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा उभ्या शिळेवर तो वरून घासून जातो आणि पुसट अक्षरेही उठतात. फक्त मेमध्ये त्या वेळी पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि जुलैत ढग. त्यामुळे हा सल्ला कागदावरच बरा.

व्यवहारात असे करा. पूर्वेकडे तोंड असलेली शिळा दुपारी अकरा-साडेअकराला बघा, पश्चिमेकडची साडेबारा-एकला. ऊन त्या वेळी तिला तिरपे लागते. दक्षिणमुखी शिळेला हिवाळ्यात दिवसभर ऊन असते, पण सकाळी आठच्या आणि संध्याकाळी चारनंतरच्या बाजूच्या उन्हात ती जास्त चांगली वाचता येते. उत्तरमुखी शिळेवर ऑक्टोबर ते फेब्रुवारी ऊन पडतच नाही. तिच्यासाठी अंधार पडल्यावर टॉर्च वापरा. टॉर्च शिळेच्या कडेला, दगडापासून तळहाताच्या अंतरावर, जवळपास समांतर धरा. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग वरून. एकाच बाजूच्या प्रकाशात उभी रेघ दिसते आणि आडवी हरवते, म्हणून 'ष' चा 'प' होतो.

चमकदार काळ्या ग्रॅनाइटची अडचण वेगळी. त्यात फोटो काढणारा आणि मागची सिटी बस दिसते. बाजूने काळे कापड धरा आणि फ्लॅश बंद ठेवा.

फोटो या क्रमाने : रस्त्यापलीकडून पूर्ण स्मारक, आजूबाजूच्या न हलणाऱ्या दोन गोष्टींसह (मेट्रोचा खांब, इमारतीचा कोपरा). मग चारही बाजू. मग प्रत्येक फलक अगदी समोरून, पट्टी ठेवून. मग प्रत्येक चार-पाच ओळींचा तुकडा, आधीच्या तुकड्याची शेवटची ओळ पुढच्यात येईल असा. शेवटी चौथरा, भेगा आणि पाणी साचण्याची जागा. मोबाइलवर स्थान नोंदवणे चालू ठेवा. अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच आकडी असले की जागा मीटरभरात सापडते. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नका, ते आकार कमी करते आणि स्थानाची नोंद पुसते. फायलीच्या नावात वर्ष-महिना-दिवस आणि बाजू लिहा.

जसे आहे तसे उतरवा

वहीत दगडाची एक ओळ म्हणजे वहीची एक ओळ. शुद्धलेखन सुधारायचे नाही. दगडावर 'शहिद' असेल तर 'शहिद'च. न वाचता आलेल्या प्रत्येक अक्षराला एक टिंब, शंका असेल तिथे अक्षरापुढे प्रश्नचिन्ह. 'असेच असणार' म्हणून भरलेले अक्षर ही नोंदीतली सगळ्यात मोठी चूक, कारण पुढचा माणूस तुमच्या वहीवर विश्वास ठेवतो.

देवनागरीत कुठे फसायला होते, ते ठरलेले आहे. १ आणि ९, २ आणि ३, ४ आणि ५. अक्षरांत व-ब, घ-ध, भ-म, थ-य. अनुस्वार सगळ्यात आधी झिजतो, म्हणून 'चांदा' चा 'चादा' होतो. र्‍हस्व-दीर्घ वेलांटी रंगाच्या थराखाली एकसारखी दिसते. नावांच्या यादीत हे फार महत्त्वाचे, कारण वाक्यात चूक झाली तर अर्थावरून कळते. नावात कळत नाही. 'भागा' आणि 'मागा' दोन्ही नावे असू शकतात. यादी असेल तर नावे मोजा आणि मथळ्यातल्या आकड्याशी ताडून पाहा. जमत नसेल तर दोन्ही आकडे लिहा.

सराव करायचा असेल तर जवळच झिरो माईलचा खांब आहे. १९०७ चा, सर्वेक्षणाचा. समुद्रसपाटीपासून उंची १०२०.१७१ फूट आणि गावोगावची मैलांतली अंतरे त्यावर आहेत. दशांश चिन्ह आणि तीन आकडे न चुकता उतरवता आले तर हात तयार झाला समजा. याच खांबाला लोक 'भारताचा मध्यबिंदू' म्हणतात, दगडावर मात्र तो सर्वेक्षणाचा उंचीदर्शक आहे. लोक काय सांगतात आणि दगड काय सांगतो, हे वहीच्या दोन वेगळ्या पानांवर का लिहायचे, त्याचे हे उत्तम उदाहरण.

आकडा आणि नावे कागदावर पडताळणे

मोठ्या दुर्घटनेत पहिल्या दिवशीचा आकडा आणि शेवटचा आकडा सहसा एक नसतो. जखमी नंतर दवाखान्यात दगावतात, एकच व्यक्ती माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन नावांनी दोनदा नोंदली जाते, बाळाचे नाव 'अमुकची मुलगी' एवढेच लागते. म्हणून एका दिवसाचे वर्तमानपत्र पाहून थांबू नका. या घटनेसाठी २४ नोव्हेंबर १९९४ पासून किमान तीन आठवड्यांचे अंक सलग पाहा. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी एकेक फाइल घ्या, कारण नागपुरात तिन्ही भाषांत वार्ताहर होते आणि नावांचे उच्चार तिघांनी वेगळे लिहिले असणार. जुन्या फायली बर्डीवर विदर्भ साहित्य संघासारख्या संस्थांच्या ग्रंथालयांत विचारा. जाण्याआधी फोन करा. बांधणीला गेलेला खंड महिनाभर मिळत नाही.

त्यानंतर विधिमंडळ. घटना अधिवेशनाच्या काळातली असल्याने दोन्ही सभागृहांच्या छापील कार्यवाहीत तिची चर्चा आहे. आयोगाचा अहवाल वेगळा शोधा. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ च्या कलम ३(४) प्रमाणे अहवाल आणि सरकारने केलेल्या कार्यवाहीचे ज्ञापन सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवावे लागते. म्हणजे अहवाल मागताना ज्ञापनही मागा. लोक अहवाल मागतात आणि सरकारने त्याचे काय केले, तो कागद विसरतात.

बाकीचे माहितीच्या अधिकाराने. अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प चालते. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे. मृतांची यादी, मदतवाटपाची यादी, स्मारकाच्या जागेचा आणि खर्चाचा आदेश हे तीन वेगळे अर्ज करा. एकत्र केले की तिन्ही लटकतात. उत्तराची मुदत तीस दिवस. 'जुने प्रकरण आहे' असे उत्तर आले तर कलम ८(३) दाखवा : वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती नाकारण्याची बरीचशी कारणे त्या कलमाने गळून पडतात, मोजके अपवाद सोडून. कागद नष्ट केला असे कळवले तर तो कधी आणि कोणत्या आदेशाने नष्ट केला, त्याची नोंद मागा. त्या नोंदीतून बऱ्याचदा मूळ फाइलचा क्रमांक मिळतो आणि त्याच क्रमांकाची प्रत दुसऱ्या कार्यालयात निघते.

मदतवाटपाची यादी सगळ्यात भरवशाची. पैसे देताना वारस, गाव, तालुका पाहावा लागतो, त्यामुळे नावे नीट लिहिली जातात. पण त्या यादीतले पत्ते आणि वारसांची नावे तुमच्या छापील नोंदीत घालू नका. गाव आणि वय पुरे.

समाजातल्या जुन्या माणसांशी बोलताना आधी कशासाठी विचारता ते सांगा, ध्वनिमुद्रणाची परवानगी घ्या आणि ती परवानगीही मुद्रणातच येऊ द्या. 'किती मेले?' असा प्रश्न टाळा. 'कोणकोण गेले होते, कुठून निघालात, गाडी कोणती होती, जेवण कुठे बांधले होते' असे विचारा. माणूस त्या रस्त्याने बोलू लागतो आणि वेळ, जागा, गर्दीची दिशा आपोआप येते.

दुसऱ्या कुठल्या स्मारकावर हीच पद्धत आजमावायची असेल तर जिल्ह्यातच मोवाड आहे, नरखेड तालुक्यात. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात तिथली २०४ माणसे गेली. तिथे वर्तमानपत्रांबरोबर पाटबंधारे आणि महसूल खात्याचे कागद पाहावे लागतील. मागण्याची रीत तीच.

हात लावण्याची परवानगी

'सार्वजनिक आहे, कोणीही धुवावे' असे नसते. जागा महापालिकेची, नागपूर सुधार प्रन्यासची, सार्वजनिक बांधकाम खात्याची की महामार्गाची, ते आधी विचारा, आणि समाजाच्या स्मारक समितीला त्याहूनही आधी. लेखी पत्रात तारीख, वेळ, माणसे किती, पाणी आणि ब्रशशिवाय काहीही वापरणार नाही, एवढे लिहा. शेवटच्या वाक्याने बहुतेक शंका मिटतात.

नवे स्मारक रस्त्यावर उभारायचा विचार असेल तर थांबा. १८ जानेवारी २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सार्वजनिक रस्ते, फुटपाथ आणि तत्सम जागांवर पुतळा किंवा बांधकामाला परवानगी देण्यास राज्यांना मनाई आहे. अपघाताच्या जागी रातोरात बांधलेला ओटा म्हणूनच तुटतो. खासगी जमीन, समाजभवनाचे आवार किंवा असलेल्या भिंतीत बसवलेला फलक हे मार्ग उरतात.

धुणे

दगड कोणता ते ओळखा, कारण एकाचे औषध दुसऱ्याचे विष. काळा बेसाल्ट टणक, त्याला पाणी-ब्रश चालतो. ग्रॅनाइट त्याहून सोपा. संगमरवर आणि कडप्पा चुन्याच्या जातीचे, आम्ल लागले की चरचर फेस येतो आणि चकाकी कायमची जाते. लाल वालुकाश्म पाणी पितो आणि खवले सोडतो, त्याला फक्त कोरडा मऊ ब्रश.

दोन बादल्या नळाचे पाणी घ्या. बोअरचे नको, ते वाळल्यावर पांढरे डाग सोडते. नायलॉनचे मऊ ब्रश, सुती फडकी, बांबूच्या कामट्या. साबण लागलाच तर एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा सौम्य भांडी धुण्याचा द्रव, त्याहून जास्त नाही. दगड खालून वर भिजवत जा. वरून सुरुवात केली तर घाण पाणी खालच्या कोरड्या दगडावर ओघळते आणि ओघळाची रेघ आत मुरते. घासतानाही खालून वर, धुताना मात्र वरून खाली, साबण पूर्ण जाईपर्यंत. उन्हात तापलेल्या दगडावर पाणी ओतू नका. सकाळी नऊच्या आत काम संपवा.

टॉयलेटचे अ‍ॅसिड, ब्लीचिंग पावडर, तारेचा ब्रश, प्रेशरने पाणी मारणारे मशीन : यातले काहीही नाही. मशीनने दहा मिनिटांत दगड नव्यासारखा दिसतो, खरे आहे. पण त्याबरोबर अक्षरांतला रंग, सांध्यातला चुना आणि सैल झालेली कड निघून जाते. धुतल्यावर चमक यावी म्हणून खोबरेल चोळण्याची सवयही सोडा. आठ दिवसांत त्यावर धूळ बसून काळा थर होतो.

डागांचे वेगळे. गुलाल आधी कोरडाच झटका, पाणी लागले की तो संगमरवरात उतरतो आणि मग वर्षभर गुलाबी दिसतो. हळदीला काही करू नका, उन्हाने ती आपोआप फिकी पडते. मेणबत्तीचे मेण सकाळच्या थंडीत कडक असताना लाकडी पट्टीने खरवडा, उरलेल्यावर गरम पाण्याचे फडके दाबून लगेच टीपकागदाने टिपा. हारातली लोखंडी तार पावसात गंजते आणि तपकिरी ओघळ सोडते. हा डाग जवळजवळ निघत नाही, म्हणून तार आधीच काढायची. पोस्टरचा डिंक कोमट पाण्याने मऊ होतो, चिकटपट्टीचा स्पिरिटने, पण रंगवलेल्या अक्षरांवर स्पिरिट नको.

आणि खर्रा, म्हणजे इथला सुपारी-तंबाखूचा घोटा. नागपुरातला दगड असेल तर त्याची पिचकारी आहेच. ताजी असेल तर लगेच पाणी. जुनी असेल तर मुलतानी माती पाण्यात पेढ्यासारखी मळून अर्धा इंच जाड थापा, वर प्लास्टिक लावा, एक दिवस ठेवा, मग प्लास्टिक काढून माती पूर्ण वाळू द्या आणि लाकडी पट्टीने उतरवा. वाळताना ती डाग ओढून घेते. पांढऱ्या संगमरवरावर पाण्याऐवजी मेडिकल दुकानातले तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता येते, काळ्या दगडावर नाही. आधी मागच्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर करून बघा. दोन-तीनदा करावे लागते.

अक्षरे पुन्हा रंगवणे

इथे सगळ्यात जास्त हानी होते. पेंटर कोरीव खाच नीट न पाहता दिसेल तसे अक्षर ओढतो, पुढच्या वर्षी दुसरा पेंटर त्या चुकलेल्या अक्षरावर ओढतो, आणि चार-पाच वर्षांत नाव बदलते. म्हणून रंग सुरू होण्याआधी पडताळलेली यादी मोठ्या टाइपात छापून पेंटरच्या हातात द्या आणि एक माणूस शेवटपर्यंत शेजारी उभा ठेवा.

जुना सुटलेला रंग कामटीने काढा, लोखंडी टोकाने नाही. दगड किमान तीन कोरडे दिवस पाहिलेला असावा, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एनॅमल रंग, शून्य किंवा एक नंबरचा ब्रश. ग्रॅनाइटवर खाच भरून दहा-पंधरा मिनिटांनी वरचा जादा रंग टर्पेंटाइनने किंचित ओलसर, सपाट गुंडाळलेल्या फडक्याने पुसता येतो. वालुकाश्मावर किंवा चकाकी गेलेल्या संगमरवरावर असे पुसलेत तर रंग आजूबाजूला मुरून अक्षराभोवती डाग होतो. तिथे हळूहळू खाचेच्या आतच भरावे. सोनेरी पावडरीचा रंग वर्षभरात हिरवट-काळा पडतो, त्याचा मोह नको. झाल्यावर पुन्हा फोटो आणि यादीशी ताडणी, पेंटर निघायच्या आत. ओला रंग पुसता येतो.

चौथरा आणि रस्त्याची उंची

नागपुरात सिमेंटचे रस्ते झाल्यापासून ही नवी अडचण आहे. रस्ता वर आला, पेव्हर ब्लॉक बदलताना फुटपाथ वर आला, आणि जुनी स्मारके खड्ड्यात गेली. खालची ओळ मातीत जाते आणि पावसाळ्यात चौथऱ्याभोवती पाणी तुंबते. खालच्या ओळीपासून जमिनीपर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांत मोजून तारखेसह लिहून ठेवा. रस्त्याचे काम निघाले की 'स्मारकाची काळजी घ्या' असे पत्र देऊन काही होत नाही. 'वायव्य कोपऱ्यात अंतर मागच्या वर्षी ३१ सेंटिमीटर होते, आता १८ आहे' असे लिहिले की अभियंत्याला उत्तर द्यावे लागते.

सांध्यात पिंपळ उगवला तर उपटू नका, मुळाबरोबर चिरा हलतो. बुडाशी कापा आणि दर महिन्याला पुन्हा कापा. जुन्या चुन्याच्या सांध्यात सिमेंट भरू नका. ते चुन्यापेक्षा कडक असते, पाणी अडवते आणि मग दगडाचीच कड फुटते. रुंदीकरणात स्मारक हलवायची वेळ आलीच तर प्रत्येक चिऱ्याच्या मागच्या बाजूला क्रमांक टाका आणि मूळ जागेची माहिती नव्या चौथऱ्यावर कोरून घ्या.

माहितीफलक

स्मारकावर नावे असतात, पण काय झाले ते नसते. शेजारी लावायचा फलक पन्नास शब्दांच्या आत ठेवा. तीन मीटरवरून वाचायचा असेल तर अक्षर दीड ते दोन सेंटिमीटर उंच, ओळींत अंतर सढळ. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार येतात, दाटीत ते एकमेकांत अडकतात. गोवारी स्मारकासाठी मजकूर असा बसतो :

'२३ नोव्हेंबर १९९४. अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला होता. मॉरिस कॉलेज टी पॉइंटजवळ तो अडवला गेला. लाठीमार आणि चेंगराचेंगरीत ११४ जणांचा मृत्यू झाला. मृतांत स्त्रिया आणि मुले अधिक होती.'

विशेषण एकही नाही. अर्पण करणाऱ्यांची, उद्‍घाटकांची नावे यात घालण्याचा आग्रह होईल. त्यांना खाली वेगळी, लहान अक्षरांची ओळ द्या, नाहीतर दोन वर्षांनी तोच फलक त्यांच्याच नावांचा होऊन बसतो.

२३ नोव्हेंबरची तयारी

आदल्या दिवशी फक्त झाडलोट. हार तारेऐवजी सुतळीत ओवलेले मागवा. मेणबत्त्या आणि उदबत्त्यांसाठी वाळू भरलेल्या दोन घमेल्या शिळेपासून हातभर लांब ठेवा. ठेवल्या नाहीत तर माणसे चौथऱ्यावरच लावतात आणि त्यांचे काही चुकत नाही. लांबून येणाऱ्यांत म्हातारी माणसे असतात, त्यांच्यासाठी पाण्याचे कॅन आणि जवळच्या शौचालयाकडे दाखवणारी पाटी लावा. वहीची एक कोरी प्रत आणि दोरीला बांधलेला पेन टेबलावर ठेवा. नावाची दुरुस्ती सांगणारा माणूस याच दिवशी येतो, आणि पुन्हा वर्षभर येत नाही. दुरुस्ती लिहून घेताना त्याचे नाव, नाते आणि तारीख लिहा. दगडावर बदल लगेच करू नका.

फुले २४ तारखेच्या सकाळी काढा, ओली पाकळी संगमरवरावर आठवडाभर राहिली तर डाग पडतो. त्याच वेळी कोपऱ्यांची चार मापे पुन्हा घ्या आणि नोंदीची एक प्रत समितीकडे, एक ग्रंथालयात, एक नागपूरबाहेर कुणाकडे तरी पाठवून द्या.